मान खाली घातलेला समुद्रगरुड

आमची स्क्वाड्रन बंद होणार असा निरोप आला, तेव्हा मला नौदल सोडून अमळनेरला परतून बरीच वर्षं झाली होती. मी वैमानिक नव्हतो, हेलिकॉप्टरची इंजिनं सांभाळणारा मेकॅनिक. शेवटच्या समारंभाला जुने सोबती जमणार होते. प्रत्येकाच्या छातीवर आमचं बोधचिन्ह असलंच पाहिजे, असं मी ठरवून टाकलं.

माझा कापडी बिल्ला पार विटला होता. निळ्या लाटा आणि त्यांवर पंख पसरून, मान खाली घातलेला समुद्रगरुड. मोठ्या बहिणीनं तो निरखून आमच्या अहिराणीत कारण विचारलं, "या पाखरूनी मान खाले काब्र शे?"

"काम तसंच व्हतं, अक्का."

जळगावला बसस्टँडमागे एक बाई मशीनवर भरतकाम करतात; त्यांना मी तो नमुना म्हणून दाखवून तसेच चाळीस करायला सांगितले. आठ दिवसांनी त्यांनी नवे बिल्ले समोर ठेवले. शिलाई सुरेख होती, पण गरुडाची मान वर होती.

"खाली घातलेली बरी दिसेना, म्हणून मीच वर केली," बाई म्हणाल्या.

"हे चालणार नाहीत, ताई. सगळे पुन्हा करावे लागतील."

त्यांचा चेहरा उतरला. मग मी स्टुलावर बसून सांगितलं. आमची स्क्वाड्रन समुद्रात हरवलेल्यांना शोधायची. एकदा वादळात मच्छीमारांची बोट बेपत्ता झाली. तीन दिवस हेलिकॉप्टर फक्त इंधनापुरतं उतरायचं. तेवढ्यात आम्ही एकेक पाइप, एकेक नट तपासून ते परत सोडायचो. वरची माणसं तासन्‌तास खाली पाण्याकडे बघत असायची.

"सापडले?"

"चौघं सापडले. पाचवा नाही."

शोध थांबवायचा हुकूम आला तेव्हा आमचा पायलट जागेवरून हललाच नाही. "साहेब, उतरा आता," असं मला दोनदा म्हणावं लागलं होतं.

बाईंनी जुना बिल्ला दिव्याखाली धरला. मानेचे टाके नीट पाहिले आणि म्हणाल्या, "बुधवारी या."

बुधवारी सगळ्या माना बरोबर होत्या.

समारंभात स्क्वाड्रनच्या इतिहासाची पुस्तिका वाटली. त्यात वाचवलेल्यांचा उल्लेख होता, त्या पाचव्याचा नव्हता. ती तयार करणाऱ्या अधिकाऱ्याला मी विचारलं. तो शांतपणे म्हणाला, "पुस्तिकेत सगळं मावत नाही, दादा. तुम्हीच का लिहीत नाही?"

परतीच्या वाटेवर चाळीसगावला उतरून मी दोनशे पानी वही घेतली. ती आता निम्मी भरली आहे. पहिल्या पानावर तो पाचवा आहे. जिथे इंजिनाचा एखादा भाग मराठीत सांगता येत नाही, तिथे मी चित्र काढतो आणि पुढे लिहितो.