नववं प्रकरण मी वाचलं नव्हतं

ते पुस्तक माझ्या टेबलावर ठेवत आमचा नवा सीनियर म्हणाला, "मॅडम, हे अगदी बिगिनरसाठी आहे. तुम्हालाही जमेल."

त्या 'ही'साठी मी त्याला आजवर माफ केलेलं नाही. ऑफिसातल्या सहा जणांनी ते ऐकलं. मी एकोणचाळीस वर्षांची होते, तो माझ्याहून बारा वर्षांनी लहान. चंद्रपूरच्या त्या छोट्या कंपनीत दवाखान्यांची आणि लॅबची बरीचशी सॉफ्टवेअरं मी एकटीने लिहिली होती. तो उभा होता तोवर मी पुस्तकाला हात लावला नाही. तो गेल्यावर उचललं.

एटापल्लीच्या पुढे जंगलात एका संस्थेचं आरोग्य केंद्र होतं. तिथे रक्त तपासलं, की रिपोर्ट चंद्रपूरच्या डॉक्टरांना दिसायला हवा होता, म्हणजे पेशंटचं काय करायचं ते त्यांना कळवता आलं असतं. पण तिथे फोन कसाबसा लागायचा, इंटरनेटचं नेटवर्क मात्र दिवसातून तासभर यायचं, तेही लहर आली तर. म्हणून मेसेज क्यू वापरायची असं ठरलं. रिपोर्टांनी तिथे रांगेत थांबायचं, नेटवर्क आलं की एकामागून एक निघायचं. चंद्रपूरला आमच्या प्रोग्रामने ते घ्यायचे आणि डॉक्टरांच्या स्क्रीनवर लावायचे.

सीनियरने दिलेलं पुस्तक या क्यूबद्दलच होतं, इंग्रजी आणि लाडात बोलणारं. दर दोन पानांनी विचारायचं, किती सोपं आहे ना? उदाहरणं कॉफीच्या दुकानाची. गिऱ्हाईक चिठ्ठी देतो, चिठ्ठी रांगेत लागते, आतला माणूस ती उचलतो. त्या दुकानात वीज कधी जात नव्हती. मी वरोऱ्याच्या मराठी शाळेत शिकलेली. एकेक परिच्छेद तीनदा वाचायची आणि समासात पेन्सिलीने उत्तर द्यायची. 'नाही, सोपं नाही.' 'कोणासाठी?' एका पानावर तर नुसतं 'गप्प बस' लिहिलंय.

तिसऱ्या प्रकरणात पावतीची गोष्ट आली. घेणाऱ्या प्रोग्रामने मेसेज घेतल्याची पावती दिली, की रांग तो मेसेज पुसून टाकते. पावती आपोआप जाऊ द्यायची, की काम पुरं झाल्यावर आपण द्यायची, हे प्रोग्राम लिहिणाऱ्याने ठरवायचं. पुस्तक म्हणालं, सध्या आपोआप ठेवा, नवव्या प्रकरणात नीट पाहू. मी आपोआप ठेवली. सीनियर दररोज पाठीमागे येऊन उभा राहायचा, "कुठवर आलं मॅडम?" नवव्या प्रकरणाआधीच मी प्रोग्राम चालू करून दिला. चालला. सहा दिवस चालला.

सातव्या दिवशी दुपारी फोन आला. केंद्रातली लॅब सांभाळणारी बाई बोलत होती. तिला मी आधी एकदाच भेटले होते. पन्नाशीची, घरी माडिया बोलणारी, आमच्याशी मराठीत भांडणारी.

"तुमचं मशीन माह्ये रिपोर्ट गिळून राह्यलं," ती म्हणाली.

"बाई, इथे तर सगळं सुरू दिसतंय."

"मंग डाक्टरले काऊन नाई दिसत? तेवीस पाठवले. एकबी नाई पोचला. त्यात एक आठव्या महिन्याची गरोदर पोर होती, अंगात रक्त नाई. मी सकाळपासून जवाबाची वाट पाहून राह्यली. जवाब नाई आला, तं तिले माह्या जिम्म्यावर जीपमंधी घालून गडचिरोलीले पाठवलं. रस्त्यात काई झालं असतं तं तुमी आल्या असत्या का तिच्या मायले सांगाले?"

त्या मुलीला गडचिरोलीत वेळेवर रक्त मिळालं. हे मला संध्याकाळी कळलं. तोवरचे तीन तास कसे गेले ते मी कोणाला सांगितलेलं नाही.

काय झालं होतं ते शोधायला दोन दिवस लागले. तेवीस रिपोर्टांतला पहिला एका म्हातारीचा होता आणि त्यात वयाचा रकाना रिकामा होता. माझा प्रोग्राम रिकामं वय पाहून बंद पडला. पण तोवर त्याने सगळे तेवीस हातात घेतले होते आणि तेवीस पावत्या आपोआप गेल्या होत्या. रांगेने पावत्या पाहिल्या, मेसेज पुसले. प्रोग्राम परत उठला तेव्हा उचलायला काही उरलं नव्हतं.

मग मी नववं प्रकरण उघडलं. पहिल्याच ओळीत, जाड अक्षरांत, लिहिलं होतं की आपोआप पावतीवर खरं काम कधी सोडू नका.

सीनियरने मला केबिनमध्ये बोलावलं. "संस्थेला लिहा की नेटवर्कमुळे डेटा लॉस झाला."

"नेटवर्कमुळे नाही झाला. माझ्यामुळे झाला."

"मॅडम, तुमची एकटीची इज्जत नाही जात यात."

मी खरं तेच लिहिलं. त्याने ते खोडलं आणि स्वतःचं पाठवलं. मी माझं पत्र छापलं, पर्समध्ये घातलं आणि एटापल्लीची बस धरली.

केंद्रात मी पत्र त्या बाईच्या हातात दिलं. तिने ते उभ्याने वाचलं. पाणी विचारलं नाही. तिच्या रजिस्टरात तेवीसच्या तेवीस नोंदी होत्या. ते उघडून तिने माझ्यासमोर सरकवलं. "बसा. भरा परत."

भरता भरता मी म्हटलं, "पुस्तकात तसंच दिलं होतं, बाई."

"पुस्तकानं रक्त काढलं का? सुई मी टोचली."

"आणि वय का नाही टाकलं तुम्ही?"

हे मी विचारायला नको होतं. ती माझ्याकडे वळली. "त्या बुढीचं वय तिलेच माईत नाई. मी कोठून टाकू? मनानं? तुमचं मशीन खुश राहावं म्हून?"

मी पुढची नोंद भरायला घेतली.

दुसऱ्या दिवशी मी पावती बदलली. आता रिपोर्ट डॉक्टरांच्या यादीत लागला, की मगच ती जाणार होती. तपासून पाहण्यासाठी रांग आणि पाठवणारा प्रोग्राम माझ्या लॅपटॉपवर ठेवला आणि घेणारा तिच्या कॉम्प्युटरवर. खोटे दहा रिपोर्ट सोडले आणि म्हटलं, "बाई, तुमचा प्लग काढा." तिने तो असा उपटला की बोर्ड हलला. परत लावल्यावर दहाही रिपोर्ट यादीत आले. मी हसले. ती हसली नाही.

"आता बिना वयाचा पाठवा."

पाठवला. प्रोग्राम पडला, पावती गेली नाही, रिपोर्ट परत रांगेत पुढे येऊन बसला, प्रोग्राम पुन्हा पडला. असं सारखं. मागचे सगळे खोळंबले.

"पहिले खाऊन राह्यलं होतं, आता अडवून राह्यलं," ती म्हणाली. "हेच शिकाले इतक्या दूर आल्या?"

मला तिचा भयंकर राग आला. पण तिचं खरं होतं. म्हणून मी आणखी एक दिवस राहिले. वयाला 'माहीत नाही' असा पर्याय दिला, आणि जो रिपोर्ट तीनदा अडेल त्याला बाजूच्या वेगळ्या रांगेत टाकून तिला लाल अक्षरांत कळवायची सोय केली. तिने एकेक रकाना रिकामा सोडून पाहिला. प्रत्येक वेळी मी पडेन अशी तिला आशा असावी. निघताना मी "येते बाई" म्हटलं. तिने मान वर केली नाही.

चंद्रपूरला आल्यावर सीनियरने मला त्या कामातून काढलं, कारण मी पत्र परस्पर दिलं होतं. तीन महिने मी पुन्हा दवाखान्यांची जुनी सॉफ्टवेअरं सांभाळली. माझ्या जागी त्याने एक शांत, गोड बोलणारा मुलगा ठेवला. प्रत्येक तक्रारीवर तो म्हणायचा, "हो बाई, बघतो बाई."

एका सोमवारी सीनियर स्वतः माझ्या टेबलाशी आला, पण बसला नाही. संस्थेचं पत्र आलं होतं, त्यातलं एक वाक्य त्याने तोंड वाकडं करून वाचून दाखवलं. लॅबच्या बाईंचं म्हणणं होतं की हा पोरगा सगळ्याले हो म्हणते आणि करत काईच नाई. आमच्यासंग भांडते ते मॅडम पाठवा.

मी त्याला म्हटलं, "उद्या निघते." आणि तिला फोन लावला.

"आता काऊन आठवण आली?" ती म्हणाली. मग श्वास न घेता सात तक्रारी सांगितल्या. मी एकेक लिहून घेतली. तिसरी मला पटली नाही, तसं मी तिला सांगितलं आणि आमचं तिथूनच सुरू झालं.