फुगेवाल्यांच्या घरातला वाढदिवस

माझ्या सासऱ्यांचं दुकान मंचरच्या बाजारपेठेत आहे आणि दुकानाच्या वर आम्ही राहतो. दुकानाला पाटी आहे, पण ती कुणी वाचत नाही. 'फुगेवाले शेठ' म्हटलं की लहान पोरसुद्धा दारापर्यंत आणून सोडतं. फुगे, टोप्या, चमकीच्या झालरी, आकड्यांच्या मेणबत्त्या, अंगावर उडवायचा फेस, वापरून फेकायची ताटं, असा सगळा वाढदिवसाचा माल. आमची माणसं राजस्थानातून आली त्याला कित्येक पिढ्या झाल्या. आता घरात मारवाडी निघते ती लग्नकार्यात आणि भांडणात.

माझी मुलगी आठ वर्षांची होती तोवर तिची शाळा सुटली की ती सरळ गल्ल्यामागे जाऊन बसायची. गिऱ्हाइकाला दाखवायचे फुगे फुगवण्याचं काम तिचं. गाल फुगवून लाल झाली की सासरे म्हणायचे, "पुरे आता, नाहीतर तूच उडून जाशील."

त्या वर्षी पर्युषणात, आम्हा जैनांच्या उपासाच्या दिवसांत, आम्ही गोशाळेत गेलो होतो. दरवर्षी जातो. गूळ आणि हिरवा चारा घेऊन सासरे, मी आणि मुलगी. त्या दिवशी शेडच्या मागे चार माणसं उभी होती. एक गाय सकाळी पोट फुगून मेली होती आणि डॉक्टरांनी नुकतंच तिचं पोट उघडून पाहिलं होतं. मी मुलीला मागे ओढायच्या आत तिथला गडी सासऱ्यांना म्हणाला, "शेट, बगा तरी काय काय निघालं ह्या जनावराच्या पोटातून. घमेली भरली राव दोन."

घमेल्यात काळपट गोळा होता. पिशव्या, सुतळी, दुधाच्या पिशवीचे कोपरे. त्यातून एक सोनेरी पट्टी बाहेर लोंबत होती. पोटात राहूनही तिची चमक गेली नव्हती.

मुलगी म्हणाली, "दादाजी, ही झालर आपल्याकडची आहे ना?"

"अशी झालर सगळीकडे मिळते, बेटा," सासरे म्हणाले.

ते खरंच होतं. अशी झालर घोडेगावला मिळते, नारायणगावला मिळते. पण बोलताना त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मुलगी दुकानात बसेनाशी झाली. कारण विचारलं तर अभ्यास आहे म्हणायची.

तिचा वाढदिवस डिसेंबरात येतो. महिनाभर आधी ती मला म्हणाली, "मम्मी, या वेळी फुगे नकोत. गाय खाऊन मरेल असं काहीच नको."

माझे पती हसले. "अगं, आपलं घर त्याच्यावर चालतं. उद्या हलवाई म्हणेल गोड नको."

मी मात्र हौसेने कामाला लागले. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला यादी केली. वर्तमानपत्राच्या टोप्या. भिंतीला झेंडूची माळ. भेटवस्तू आणायची नाही, तसा निरोप आधीच द्यायचा. जाताना प्रत्येकाला नारळाच्या करवंटीत लावलेलं तुळशीचं रोप. केक घरी करायचा, बिनअंड्याचा. शिरा, पुरी, मटारची उसळ आणि सगळं सूर्यास्ताच्या आत. मला वाटत होतं, हा एक दिवस नीट पार पडला की आजोबा-नातीमधलं ते अवघडलेपण आपोआप निघून जाईल.

ताटांचा प्रश्नच नव्हता. स्टीलची ताटं घरात ढीगभर. पण सासऱ्यांनी माझी यादी वाचली आणि म्हणाले, "पत्रावळ्या आणू."

"बाबूजी, आता पत्रावळ्या कोण करतं?"

"आहे एक बाई. डिंभ्याच्या धरणापुढे."

मग त्यांनी जे सांगितलं ते मला लग्न होऊन बारा वर्षं झाली तरी ठाऊक नव्हतं. फुग्यांच्या आधी आमचं दुकान पत्रावळ्यांचं होतं. पत्रावळ्या, द्रोण, सुतळी, केरसुण्या. भीमाशंकरच्या बाजूच्या वाड्यांमधून बायका डोक्यावर भारे घेऊन यायच्या. त्यातली एक दर बाजाराला न चुकता आमच्याकडेच येई. तिच्या पत्रावळीतून आमटी गळत नाही अशी ख्याती होती. पुढे प्लॅस्टिक आणि थर्माकोलची ताटं आली, लोक तीच मागायला लागले आणि एका बाजाराला सासऱ्यांनी तिला सांगितलं, आता आणू नकोस.

"मग?" मुलीने विचारलं. दाराशी उभी राहून ती ऐकत होती.

"मग काय, आली नाही परत."

पुढच्या रविवारी आम्ही तिघं गेलो. घोडेगाव सोडलं, डिंभ्याचं पाणी उजवीकडे दिसायला लागलं तसे सासरे खिडकीतून एकटक बघत राहिले. त्यांना वाडीचं नाव आठवत होतं, बाईचं नाव आठवत नव्हतं. इतकी वर्षं तिच्याकडून माल घेतला, पण तिला हाक मारायची ती 'ए बाई' अशीच. वाडीत शिरल्यावर 'पत्रावळ्या लावायची ती म्हातारी' एवढंच विचारता आलं आणि तेवढ्यावर घर सापडलं.

ती ओट्यावर उन्हाला बसली होती. अगदी लहानखुरी झालेली, एक डोळा पांढरा. सासरे जवळ जाऊन म्हणाले, "ओळखलं का?"

"शेट न्हवं का तुमी?" ती म्हणाली. "आवाजावरनं वळाकलं. बसा की. पानी आन गं पावण्यांना."

सुनेने तांब्या आणला. बाहेरचं पाणी सासरे एरवीही सहसा घेत नसत. त्या दिवशी ते प्याले. मग त्यांनी नातीचा वाढदिवस सांगितला, पंचवीस पत्रावळ्या हव्यात म्हणाले.

"पंचवीस?" म्हातारी हसली. "एका बसनीत व्हायच्या आमच्या काळी."

सून मधे पडली. "नका ओ नादी लागू. तिला दिसत न्हाई. बोटं पन वळत न्हाईत आता. आमच्यातलं आता कुनीच लावीत न्हाई."

"तू गप. पानं तेवडी आनून दे," म्हातारी तिला म्हणाली.

माझ्या मुलीला राहवलं नाही. ती थेट म्हातारीसमोर जाऊन बसली आणि विचारलं, "आजी, दादाजींनी नको म्हटलं त्या दिवशी तुम्ही काय केलं?"

मी तिला डोळ्यांनी दटावत होते. सासरे खाली जमिनीकडे बघत होते.

"काय करनार बाळा? लई मोटा भारा व्हता त्या दिशी. लगीनसराई व्हती ना. दिसभर बाजारात बसले. कुनी घेतल्या न्हाईत. येस्टीवाला पुन्ना वझं घेईना. मंग तितंच सोडल्या रस्त्याला. गायांनी खाल्ल्या." आणि थोडं थांबून म्हणाली, "त्येंची चैन झाली."

तिच्या बोलण्यात कसलाच राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मुलीने मान वळवून आजोबांकडे पाहिलं. तिला अजून नऊ वर्षंही पूर्ण व्हायची होती.

वाढदिवसाच्या आदल्या दिवशी सासरे एकटेच जाऊन पत्रावळ्या घेऊन आले. एकोणीस होत्या. काहींना काड्याच काड्या टोचलेल्या, काही एका बाजूला वाकड्या, दोन-तीन मात्र अशा गोल की कंपासने आखल्यासारख्या. "सहा कमी पडल्या म्हणून माफी मागत होती," ते म्हणाले आणि आत निघून गेले.

वाढदिवसाला गच्चीवर बारा मुलं आली. चार-पाच आयाही आल्या. पहिला अर्धा तास छान गेला. लगोरी झाली, लंगडी झाली. मग पंगत बसवली. मुलांना पत्रावळीचं नवल वाटलं, पण उसळीचा रस काड्यांच्या फटीतून खाली उतरला आणि एकीच्या नव्या फ्रॉकला लागला. ती रडायला लागली. तिची आई तिचा फ्रॉक पुसत हसून म्हणाली, "फुगेवाल्यांच्या घरी फुगा नाही आणि ताटाला बूड नाही! शेठलोकांना बाई बरोबर कळतं कुठं हात आखडायचा ते."

बाकीच्या हसल्या. मीही हसले. अशा टोमण्यावर आम्ही मारवाडी हसतोच, लहानपणापासून सवय आहे. पण मुलीने ते ऐकलं.

केक कापल्यावर मुलं विचारायला लागली, फुगे कुठं आहेत, गाणी कधी लावणार. दोघी मैत्रिणी मला न विचारता खाली दुकानात गेल्या आणि माझ्या पतींना सांगून आल्या की वर काहीच मजा नाही. पतींना काय वाटलं असेल ते मी समजू शकते. आपल्या लेकीचा वाढदिवस फसतोय, चार बायकांसमोर शोभा होतेय, आणि आपल्या दुकानात तर सगळं भरलेलं. पाच मिनिटांत ते वर आले ते हातात फुग्यांचा हा एवढा घोस, फेसाचे डबे आणि सोनेरी झालरीचं पुडकं घेऊनच. मुलांनी जी आरोळी ठोकली तशी दिवसभरात कुणी ठोकली नव्हती.

"हॅपी बर्थडे, बेटा!" त्यांनी ती झालर लेकीच्या गळ्यात घातली.

तिने ती काढली नाही. ओरडली नाही. फेस उडत होता, फुगे फुटत होते आणि ती तशीच खांब झाल्यासारखी उभी होती. नंतर पाहिलं तर गच्चीवर नव्हती. मी खाली धावले. ती आमच्या खोलीत, कपाटाच्या आणि भिंतीच्या सांदीत बसली होती. झालरीचे तुकडे कात्रीने बारीक कापत होती. मी विचारलं, काय करतेस, तर म्हणाली, "घशात अडकणार नाही इतकं बारीक करते."

मी तिच्याजवळ बसायला हवं होतं. पण वर पाहुणे होते, आया निघाल्या होत्या, रोपं द्यायची राहिली होती. मी परत वर गेले. सासरे भिंतीशी पंगतीच्या जागी एकटेच बसून शेवटच्या पत्रावळीत थंड शिरा खात होते. त्यांच्या केसांत फेस होता. मी पुसू का विचारलं तर नको म्हणाले.

रोपं बहुतेकांनी नेली. दोन दिवसांनी मी बाजारात गेले तेव्हा कोपऱ्यावरच्या नाल्याशी तीन करवंट्या पडलेल्या दिसल्या.

सासऱ्यांनी त्यानंतर दुकानात पत्रावळ्या ठेवायचं ठरवलं. दोन-तीनदा डिंभ्याच्या पुढे जाऊन म्हातारीकडून थोड्या थोड्या आणल्याही. कुणी विचारलं नाही. पतींनी काही दिवस वाट पाहिली आणि एक दिवस तो गठ्ठा उचलून माळ्यावर टाकला.  मग पावसाळ्यात तिकडच्या वाड्यांमधून हिरडा विकायला आलेल्या एका माणसाने सांगितलं, ती म्हातारी गेली, महिना झाला. सासरे त्या दिवशी जेवले नाहीत. संध्याकाळी मला म्हणाले, "सूनबाई, ज्या दिवशी तिला नको म्हटलं ना, त्या दिवशी कडक ऊन होतं. तिने माझ्याकडे पाणी मागितलं होतं. मी म्हटलं, समोर हापसा आहे."

 मुलीला हे सांगू का, असं मी विचारलं. ते म्हणाले, "नको. तिला जेवढं माहीत आहे तेवढं पुष्कळ झालं."

गेल्या वर्षी सासरे गेले. शेवटच्या दिवसांत मुलगी त्यांच्याजवळ बसायची, औषध द्यायची, पाय दाबायची. दोघं शाळेविषयी बोलायचे, हवेविषयी बोलायचे. गल्ल्यामागची ती थट्टा मात्र पुन्हा कधी झाली नाही. मी फार वाट पाहिली.

आता दुपारी गल्ल्यावर मीच बसते. परवा एक तरुण आई आली. "ताई, काहीतरी साधं दाखवा ना, इको-फ्रेंडली," म्हणाली. मी कागदी पताका दाखवल्या. प्रत्येक पताका वेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद होती. तिने हसून घेतल्या, मीही हसून बांधून दिल्या.

मुलगी आता तेरा वर्षांची होणार. या डिसेंबरातही मी विचारलं, "काय करायचं वाढदिवसाला?"

"काही नको मम्मी."

"मैत्रिणींना तरी बोलव."

"खरंच नको." पुस्तकातून तिने मान वर केली नाही. दर वर्षी ती हेच म्हणते आणि दर वर्षी मी दोनदा विचारून गप्प बसते. तिसऱ्यांदा विचारलं तर ती कदाचित हो म्हणेल, असं मला या वेळी वाटलं. पण मी विचारलं नाही. तिच्या नाहीने मला हायसं वाटलं होतं, आणि ते माझ्या तोंडावर दिसू नये म्हणून मी स्वयंपाकघरात जाऊन कणीक मळायला घेतली.