मतपत्रिकेला कुंकू

माझ्या बहिणीचं घर जागचं हललं नाही, तरी ती एका मतदारसंघातून दुसऱ्यात गेली. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या ज्या राज्यात ती बावीस वर्षं राहते (राज्याचं नाव लिहीत नाही, कारण हे भावोजी वाचणार आणि त्यांना चुका काढायला फार आवडतं), तिथल्या पुढाऱ्यांनी काँग्रेसच्या मतदारसंघांच्या रेषा नव्याने आखल्या. काँग्रेस म्हणजे तिकडची संसद, पक्ष नव्हे, हे आईला तीनदा सांगून झालं होतं. ताईने नकाशा फोनवर पाठवला. पहिल्या घाण्याची चकली सोऱ्यातून जशी वेडीवाकडी पडते, अगदी तसा तिचा नवा मतदारसंघ होता. एक टोक हायवे ओलांडून कुठल्याशा तळ्यापर्यंत गेलेलं आणि मधेच ताईच्या कॉलनीला चिरून पुढे. रस्त्याच्या डाव्या बाजूची घरं एकीकडे, उजव्या बाजूची दुसरीकडे.

"म्हणजे तुझ्या समोरच्यांचा खासदार वेगळा?" मी विचारलं.

"वेगळा. आणि त्यांचा कुत्रा रोज माझ्या मतदारसंघात येऊन घाण करतो."

पण ताई खूश होती. जुन्या मतदारसंघात तिच्या पसंतीचा पक्ष कधी निवडून येण्याची शक्यताच नव्हती. नव्यात थोडीफार चुरस होती. आणि मुख्य म्हणजे त्याच वर्षी तिने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं होतं. बावीस वर्षं तिने भारताचा पासपोर्ट सोडला नव्हता. आईला काय वाटेल, हे त्यामागचं कारण. आईला विचारलं तर ती म्हणाली, "मले काय वाटायचं? मले तर वाटलं तू कधीचीच झाली असशील." तर अशा तऱ्हेने, साठीला टेकलेली माझी बहीण आयुष्यातलं पहिलं अमेरिकन मत देणार होती.

भावोजी चौदा वर्षांपासून नागरिक आहेत आणि चौदा वर्षं ते नेमक्या विरुद्ध पक्षाला मत देत आलेत. त्यांचं म्हणणं साधं होतं. "तू माझं मत खोडणार, मी तुझं. त्यापेक्षा दोघंही घरी बसू, मी चहा करतो." ताई म्हणाली, "चौदा वर्षं तुम्ही बिनविरोध होतात. आता या मैदानात." त्यांच्या संसारात हे वाक्य मी प्रथमच ऐकत होतो असं नाही, पण या विषयावर प्रथमच.

अडचण एवढीच, की त्या वर्षी ताई मतदानाच्या दिवशी तिथे नसणार होती. आई नागपूरहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे, म्हणजे आयर्लंडमधल्या नास गावी आली होती. आईला अमेरिकेपर्यंतचं विमान झेपत नाही. आमच्यापर्यंतचं झेपतं, तेही विमानात बसून विमान कंपनीला नावं ठेवत. त्यामुळे ताईनेच इकडे यायचं ठरलं. दिवाळी आमच्याकडे, भाऊबीज करून मग परत. आई, ताई आणि मी दिवाळीला एका छताखाली, हे एकोणीस वर्षांत झालं नव्हतं. मतदान दिवाळीच्या पाच दिवस आधी. म्हणून ताईने टपालाने मत द्यायचा अर्ज केला आणि पत्ता दिला माझा.

इथे माझी भूमिका सुरू होते. आयर्लंडमध्ये नागरिक नसलं तरी स्थानिक निवडणुकीत मत देता येतं आणि मी ते दोनदा दिलं आहे. एवढ्या भांडवलावर मी आमच्या घरातला निवडणूकतज्ज्ञ झालो. इथे उमेदवारांना एक, दोन, तीन असे पसंतीचे आकडे द्यायचे असतात आणि मोजणी दिवसेंदिवस चालते. कोणी दारावर मत मागायला आलं की मी त्यांना आत बोलावून चहा देतो. सगळ्यांना. गेल्या खेपेला पाच वेगवेगळ्या उमेदवारांना मी "तुम्हीच माझे एक नंबर" असं सांगितलं होतं. बायकोने स्वयंपाकघरातून ऐकलं आणि म्हणाली, "तू राजकारणात का गेला नाहीस रे?"

तर मतपत्रिका आली. मोठं जाडजूड पाकीट, आत दुसरं पाकीट, त्यात सूचनांचं पान, त्यात ती. कागद जाड आणि लांबलचक. वरपासून खालपर्यंत उमेदवारांची नावं, प्रत्येक नावापुढे एक छोटा लंबगोल. काळ्या पेनने लंबगोल भरायचा, की झालं. ताईने तो कागद दोन्ही हातांनी धरून वाचला. मग परत घडी घातली आणि म्हणाली, "आंघोळ करून भरते. असं पारोशाने नको."

घरात चकल्या चालल्या होत्या. आईच्या हाताला तेल, पीठ, तिखट. देवघर म्हणजे आमच्या घरी स्वयंपाकघरातल्या प्रेसचा वरचा खण. कपाटाला इकडे प्रेस म्हणतात, आणि आईसुद्धा आता "प्रेसमधले देव" म्हणते. ताई वर गेल्यावर आई म्हणाली, "कागद देवापुढे ठेव ना. पहिलं मत आहे पोरीचं."

मी ठेवला. इथपर्यंत सगळं ठीक होतं.

"हळदकुंकू लाव त्याला," आई म्हणाली. "चार कोपऱ्यांले."

आमच्या घरी नवीन घराच्या कागदांना, लग्नपत्रिकेला, मुलीच्या शाळेच्या अर्जाला आणि एकदा वॉशिंग मशीनच्या वॉरंटीलाही हळदकुंकू लागलेलं आहे. कागद महत्त्वाचा म्हटला की त्याचे कोपरे पिवळे होणारच. मी तज्ज्ञ या नात्याने म्हणालो, "लाव की. कोपऱ्यांना काय होतं!" आईने तेलकट बोटांनीच हळद लावली, वर कुंकू लावलं. चारही कोपरे छान सजले.

माझी मुलगी तेवढ्यात शाळेतून आली. आयुष्यात मराठीत एक वाक्य बोललेली नाही, पण समजतं सगळं. ती म्हणाली, "बाबा, आय वुडन्ट टच दॅट इफ आय वॉज यू." तिच्याकडे लक्ष द्यायची आमच्याकडे पद्धत नाही.

मग आई म्हणाली, "हिचा माणूस कोणता?"

चष्मा माझ्या डोळ्यांवर नव्हता. तो कपाळावर होता, हे नंतर कळलं. मी वरच्या नावांवर अंदाजाने बोट ठेवलं. "हा."

आईने अंगठीच्या बोटाने कुंकू घेतलं आणि त्या माणसाला टिळा लावला. नेमका लंबगोलात. इतका नेमका, की आतला पांढरा कागद दिसेनासा झाला.

ताई केस पुसत खाली आली. कागद उचलला.  मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "हे कोणी केलं?"

"आईने," मी म्हणालो. पुरुषाने अशा वेळी खरं बोलावं.

"यानेच सांगितलं हा म्हणून," आई म्हणाली.

"अरे, हा तो दुसरा आहे! हा ह्यांचा माणूस आहे! माझ्या पहिल्या मतात तुम्ही माझ्या नवऱ्याच्या माणसाला कुंकू लावलंत!"

बायको हसायला लागली. तिला हसू आवरत नाही, हा तिचा जुना दोष आहे. ती कपडे ऊबदार ठेवायच्या छोट्या खोलीत जाऊन दार लावून हसली, ते आम्हाला नीट ऐकू आलं. ताई मात्र खुर्चीवर बसली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हा मला कळलं की मी जिची थट्टा करत होतो ती गोष्ट थट्टेची नव्हती. तिने बावीस वर्षं मागे ठेवलेली एक गोष्ट एका कागदावर येऊन थांबली होती आणि तो कागद मी आईच्या तेलकट बोटांखाली धरला होता.

सूचनांचं पान आता मी वाचलं, चष्मा लावून. आता ताईच्या माणसाचा लंबगोल भरला, तर त्या जागेसाठी दोन खुणा होतात आणि मत बाद. कुंकू पुसायचा प्रयत्न केला तर ते पसरून तिसऱ्या उमेदवारापर्यंत गेलं. मी सुचवलं की आपण आपल्या माणसापुढे एक आणि याच्यापुढे दोन लिहावं, इकडच्यासारखं. बायको बाहेर आली होती. ती म्हणाली, "तू चकल्या तळ."

दुपारी, म्हणजे तिकडे सकाळ झाल्यावर, ताईने तिथल्या निवडणूक कार्यालयात फोन लावला. फोन स्पीकरवर होता. पलीकडे एक बाई होत्या, त्यांचं बोलणं पाकात भिजवलेलं, प्रत्येक वाक्याला "हनी".

"मतपत्रिकेवर काय सांडलंय, हनी?"

"सांडलं नाही. लावलंय. लाल पावडर आहे. आणि कोपऱ्यांना हळद."

"हळद. जेवणातली?"

"हो. माझ्या आईने आशीर्वाद दिला."

 "हनी, आमच्याकडे मतपत्रिकेवर ग्रेव्ही सांडते, बाळाचं दूध सांडतं, एकदा एकाने बंदुकीचं तेल सांडलं होतं. आशीर्वाद पहिल्यांदाच." मग त्यांनी कामाचं सांगितलं. दुसरी मतपत्रिका पाठवता येईल, पण पहिलीला पोचायला अडीच आठवडे लागले होते आणि मतदान संपायच्या आत ती त्यांच्या हातात परत हवी. जमणं कठीण. दुसरा मार्ग एकच. खराब कागद घेऊन ताईने स्वतः तिथे यायचं, तो जमा करायचा आणि प्रत्यक्ष मत द्यायचं.

ताईने फोन ठेवला. "जाऊ दे," ती म्हणाली. "दिवाळी इथेच करते. एका मताने काय होतं."

हे तिने म्हटलं आणि लगेच भावोजींचा व्हिडिओ कॉल आला. मी त्यांना सगळं सांगून बसलो होतो. तो अर्ध्या तासापूर्वीचा माझा दुसरा मूर्खपणा. ते स्क्रीनवर हात जोडून उभे होते. "आईंना माझा साष्टांग नमस्कार. आमच्या पक्षाच्या वतीने."

आई सोऱ्या दाबत होती. तिने मान वर केली नाही. "जावईबापू लय हसून राहिले."

"हो ना, आई. तुमचा आशीर्वाद मिळाला आमच्या माणसाला."

"हसू द्या त्याले," आईने आम्हाला सांगितलं, जावई ऐकत असताना. मग ताईला म्हणाली, "तू जाशील."

"आई, दिवाळी…"

"दिवाळी मी करतो. शनिवारी."

"शनिवारी दिवाळी नाहीये, आई. अजून दहा दिवस आहेत."

"मले नको शिकवू. एवढ्या वर्षांनी मत मिळालं पोरीले अन् ते मी बुडवायचं? चंद्राले सांगतो मी, थोडा लवकर लप म्हणून."

ज्या आईने चतुर्थीला चंद्र ढगात आहे म्हणून रात्री बारापर्यंत आम्हाला उपाशी ठेवलं, तिने पंचांगाला असं गुंडाळून ठेवलेलं मी आयुष्यात प्रथम बघत होतो.

शनिवारी आम्ही अख्खी दिवाळी एका दिवसात उरकली. पहाटे नरकचतुर्दशी. आयर्लंडमध्ये त्या दिवसांत सगळीच पहाट काळोखी असते, त्यामुळे वातावरणनिर्मिती आपोआप झाली. एका बाथरूममध्ये पाच जणांची अभ्यंगस्नानं झाली आणि गरम पाणी तिसऱ्यातच संपलं. चौथा मी होतो. नरकासुर म्हणून पायाखाली चिरडायला कारीट नव्हतं, म्हणून मुलीने फ्रिजमधली काकडी आणून दिली. ती कोशिंबिरीची होती, हे बायकोने नंतर ऐकवलं. दुपारी लक्ष्मीपूजन. चहाच्या वेळेला पाडवा. बायकोने मला ओवाळलं आणि "हे मागच्या वर्षीचं धरू का या वर्षीचं?" असं विचारलं. शेजारची आजी दारात आली, पणत्या पाहून म्हणाली, की तिला वाटलं होतं आमचा सण अजून पुढच्या आठवड्यात आहे. मी म्हणालो, हो, पण ताईला मतदान आहे. तिने मान हलवली. "ग्रँड," ती म्हणाली, जणू निवडणुकीसाठी सण पुढेमागे करणं ही जगातली सर्वात समजण्यासारखी गोष्ट आहे. या देशात ती आहेही.

संध्याकाळी भाऊबीज. ताईने ओवाळलं. मी तिला तिच्या पाकिटासाठी प्लास्टिकचं जाड कव्हर दिलं, त्यात तो रंगलेला कागद. "हे जपून ने," मी म्हणालो.

"तुझ्याकडे होतं तेवढा वेळ जपलं असतंस तर," ती म्हणाली, आणि माझ्या डोक्यावर अक्षता जरा जोरातच टाकल्या.

मतदानाच्या दिवशी तिचा फोन आमच्या संध्याकाळी आला, रांगेतून. दोन तास उभी होती. मागे भावोजी, तिची पर्स धरून. पुढचे मागचे लोक तिने इथून नेलेल्या चकल्या खात होते. ते कोणत्या मतदारसंघाचे, हे तिने विचारलं नव्हतं. मग आवाज बंद झाला, कारण आत फोन चालत नाही. अर्ध्या तासाने परत आला. "दिलं," एवढंच म्हणाली. मागून भावोजींचा आवाज आला, "मीही दिलं! आता चहा."

तिचा माणूस पडला. नेहमीपेक्षा कमी फरकाने पडला, हे तिने इतक्या अभिमानाने सांगितलं, की मी अभिनंदन करून बसलो.

पंचांगातली दिवाळी आली तेव्हा आमच्याकडे डब्यात तळाशी शेवेचा चुरा होता. आई खिडकीजवळ बसून पावसाकडे बघत होती. ताईचा फोन आला. शुभेच्छा झाल्या, पाठदुखी झाली. मग आईने विचारलं, "मग आता हे तुमचं मत पुन्हा कधी? बावीस वर्षांनी?"

"छे गं," ताई म्हणाली. "काँग्रेसची निवडणूक दर दोन वर्षांनी असते."

 फोन कानापासून दूर धरून आईने माझ्याकडे पाहिलं.

"दोन वर्षांनी?" ती म्हणाली. "तुले ठाऊक होतं?"

मी निवडणूकतज्ज्ञ. मी म्हणालो, "हो."

"मग त्या दिवशी बोलला काहून नाही? मी काकडीवर नरकासुर मारला, बाप्पा!"