करमाडच्या फ्लेक्सवरचं माझं शिक्षण

वर्षभर नेपाळात कर्णबधिर मुलांच्या शाळेत स्वयंसेवक म्हणून राहून मी शहरातल्या घरी आले, तर तिकडं आमच्या गावात, करमाडच्या चौकात माझा फ्लेक्स लागलेला. 'परदेशातून उच्च शिक्षण घेऊन आल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' खाली काकांचा गॉगल घातलेला फोटो, माझ्यापेक्षा मोठा. माझं डोकंच सणकलं. काकांचं म्हणणं, पोरगी फुकट राबून आली असं फ्लेक्सवर लिहितात व्हय?

खरं तर शिक्षण मला आता घ्यायचं होतं. कर्णबधिर मुलांना शिकवण्याचं बी.एड. करायचं आणि पुढं तेच काम करायचं, हे मी तिथंच ठरवलं होतं. पप्पांना ते पटत नव्हतं. इंजिनिअर झालेली पोरगी पुन्हा बाकावर बसणार, अन् तेही मास्तरकीसाठी! शहरातून गावाकडं निघालं, की वाटेत शेंद्र्याच्या एमआयडीसीतल्या कंपन्या दिसताच ते म्हणायचे, "इथं लागलीस की मी सुटलो." काकांनी गावात ठेवलेल्या माझ्या सत्काराला जातानाही म्हणालेच. प्रवेशाची मुदत तोंडावर आली होती आणि पप्पांचं मन मोडून जायची माझ्यात धमक नव्हती.

सत्कार देवळासमोर झाला. शाल, नारळ, भाषणं. सरपंच म्हणाले, तिकडं काय शिकलीस ते दाखव जरा. मला तेवढंच पाहिजे होतं. बायकांत आत्या बसली होती, पप्पांची थोरली बहीण. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. लहानपणापासून मी तिच्याशी नुसती हसत आलेली. आज मोठ्या ऐटीत तिच्यासमोर बसले आणि हातांच्या खुणांनी विचारलं, कशी आहेस?

आत्यानं माझ्या हातांकडं टक लावून बघितलं आणि तोंडाला पदर लावून खुदूखुदू हसायला लागली. घ्या! माझ्या खुणा नेपाळातल्या शाळेच्या. आत्यानं शाळेचं तोंडही पाहिलेलं नाही. तिची भाषा तिनं आणि पप्पांनी लहानपणी शेळ्यांमागं हिंडताना बनवलेली, आणि ती दोघांनाच येते.

शेवटी पप्पा उठून तिच्याजवळ बसले. मांडीवर पाटी धरल्यासारखं केलं, कानांवर हात ठेवले, लहान मुलांची उंची दाखवली, मग माझ्याकडं बोट केलं. आत्याचं हसू थांबलं. तिनं तशीच पाटी मांडीवर धरली, स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं आणि पप्पांसमोर हात हलवला. काय म्हणती, काय म्हणती, असं सगळे विचारायला लागले.

"ती म्हणती, मला का नाय घातलं शाळंत," पप्पा खाली बघत म्हणाले.

कुणीतरी घाईघाईनं चहा फिरवला. मला रडू आवरेना. सत्काराच्या शालीलाच डोळे पुसले.

परतताना शेंद्रा आला. कंपन्यांची गेटं एकामागं एक गेली, पण पप्पांनी तिकडं मानही वळवली नाही. शहराच्या तोंडाशी, चिकलठाण्याजवळ आल्यावर म्हणाले, "घे ती ॲडमिशन."

मी झटकन त्यांच्याकडं वळले.

"पण सुट्टीत आत्यापाशी येऊन बसायचं," ते म्हणाले. "अन् तिचं काय कळालं नाय, तर मला इचारायचं."