करुणाच्या वाट्याची पाच मिनिटं

हे आजवर माझ्या तोंडून कुणीच ऐकलेलं नाही — नवऱ्यानेही नाही. तुम्हाला सांगतेय, पण ऐकून ‘किती प्रामाणिक बाई!’ म्हणू नका. त्या शब्दाची मला चीड येते.

वर्ध्याला एम.ए.ला समाजशास्त्र होतं. प्रत्येक गटाने एक सिद्धान्त वर्गापुढे मांडायचा — आधी जुने, मग समकालीन. आमच्या चौघांच्या वाट्याला समकालीन आला: नियम सगळ्यांना सारखेच दिसतात, तरी काही जण बाहेर कसे राहतात? आणि सरांनी सांगून ठेवलेलं, जो उत्तम बोलेल तो नागपूरच्या चर्चासत्राला जाणार.

ते नाव माझंच, असं मी धरून चालले होते. बाबांचं कापडाचं दुकान, भाषा शुद्ध, शाळेपासून वक्तृत्वाची बक्षिसं. करुणा जवळच्या आंजी गावची, बौद्ध कुटुंबातली, एसटीने ये-जा करायची. पहिल्या बैठकीत आम्ही व्याख्या घोकत होतो, तर ती म्हणाली, “आमच्या गावात लग्नाचं आवतन आम्हाले बी असते. हाकलत कोनीच नाई. फक्त आमची पंगत शेवटी बसते — तोवर भाजी सरली असते.”

मला तो सिद्धान्त तेव्हा कुठे कळला. आणि तिथेच पोटात दुखायला लागलं — हो, जळले मी! बोलायला प्रत्येकाला पाच मिनिटं होती. तिची पाच मिनिटं झाली की नागपूर तिचं, हे स्वच्छ दिसत होतं.

मग मी काय केलं? भांडले? छे — तेवढी हिंमत कुठली! सराव माझ्या घरी ठेवला, रोज संध्याकाळी सातला.

“सातले काऊन वं? माही शेवटची गाडी त्याच्या आधीच सुटते.”

बाकीच्यांना हीच वेळ जमते, म्हटलं मी. कुणाला जमत होती? मी कुणाला विचारलंच नव्हतं. ते दोघेही काही कमी नाहीत — माना डोलावल्या, आईने केलेले तर्री-पोहे हादडले.

प्रेझेंटेशनच्या दिवशी मी दिलेल्या यादीत तिचं नाव नव्हतं; सरांनी विचारलं, करुणा का बोलत नाही? मी म्हटलं, “ती सरावाला एकदाही आली नाही, सर.” यात खोटं होतं का काही? अक्षर न् अक्षर खरं! याचाच तर संताप येतो. सरांनी तिला सगळ्यांदेखत झापलं — “तुम्हा लोकांना गांभीर्यच नाही.” तुम्हा लोकांना! हे मी ऐकलं, आणि गप्प राहिले. ती उभी राहिली, माझ्याकडे पाहिलं, खाली बसली. मग तिच्या पाच मिनिटांत मी बोलले. तिची पंगत मीच सांगितली — ‘आपण खेड्यांत पाहतो की...’ आपण? शेवटच्या पंगतीला मी कधी बसले होते? टाळ्या पडल्या. नागपूरला मी गेले.

आता हाच विषय मी शिकवते. पंगतीचं उदाहरण दरवर्षी देते, मुलं भराभर उतरवून घेतात. परवा एका मुलीने विचारलं, “मॅडम, हे तुम्ही कुठी पाह्यलं?”

“आंजीला,” मी म्हटलं.

आंजीत मी कधी पाऊल ठेवलेलं नाही. आणि करुणाचं नाव त्या वर्गात एकदाही घेतलेलं नाही.