जावयाने बसवलेला वाल्व

माझा जावई चांगला माणूस आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यात चांगुलपणा फारसा नाही, आणि तो सगळा दोष माझ्या स्वभावाचा आहे.

नंदुरबारला घर बांधलं तेव्हा बायकोच्या हट्टापायी तळघर काढलं. वर्षाची मिरची, गव्हाच्या कोठ्या, पाहुण्यांच्या गाद्या असं सगळं खाली ठेवायचा तिचा बेत होता. काळ्या मातीत तळघर खणू नये हे मला कळत होतं, पण माझं मत कुणी विचारलं नाही. पहिल्याच पावसाळ्यात भिंतींतून पाणी पाझरलं. मग कोपऱ्यात कंबरभर खड्डा घेतला, त्यात एक छोटी पाणबुडी मोटर सोडली आणि तिचा पाइप वर काढून बाहेरच्या गटारीत सोडला. खड्ड्यात पाणी चढलं की तरंगणारा फ्लोट उचलला जातो आणि मोटर आपोआप चालू होते. पाणी उतरलं की बंद.

ही मोटर माझी. उभी हयात मी तापीकाठी उपसा योजनेवर पंप चालवले, नदीचं पाणी चढावर नेऊन केळीला आणि उसाला दिलं. निवृत्तीनंतर हाताला एवढा एकच पंप उरला. दर शनिवारी मी त्याची जाळी काढून धुतो. गाळ निघतो, केस निघतात आणि मिरचीची देठं अन्‌ बिया तर हटकून निघतात. ठसका लागतो तो दुपारपर्यंत जात नाही. पावसाळ्याआधी खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतून फ्लोट वेळेवर उचलतो की नाही ते बघतो. बायको म्हणते, "इतली सेवा कधी मन्ही करी का?"

बायकोचं बोलणं मी मनावर घेत नाही. मुलीचं मात्र घेतो. एकुलती एक. लहानपणापासून घरात काही मोडलं की ती म्हणायची, आबा करतील. लग्न होऊन नाशिकला गेली तरी मिक्सर अडला, गीझर तापेना की फोन मलाच. मी इथून सांगायचो, ती तिथे स्क्रू फिरवायची. मग हळूहळू ते फोन बंद झाले. एकदा मीच विचारलं, गीझर कसा आहे? म्हणाली, "त्यास्नीच नीट करा, आबा. फोनवर व्हिडिओ दखीसन." त्या दिवसापासून माझ्या पोटात दुखायला लागलं. जावयाने हुंडा मागितला असता तर मी उघड भांडलो असतो. गीझर दुरुस्त केला म्हणून कुणाशी भांडता येतं?

त्या वर्षी श्रावण अधिक आला. अधिक महिन्यात जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे आणि ताटात अनारसे नि दिवा ठेवून वाण द्यायचं, ही आपली रीत. दोघं आली आणि त्यांच्यामागोमाग पाऊस आला. दोन दिवस थांबला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना मी ऐकलं की मोटर दर दोन मिनिटांनी चालू होतेय. कारण मला ठाऊक होतं. पाइपात एक वाल्व असतो. तो पाणी वर जाऊ देतो, परत खाली येऊ देत नाही. आमचा झिजला होता, त्यामुळे वर फेकलेलं पाणी पुन्हा खड्ड्यात पडत होतं. बदलायचा होताच, पण गुडघ्यामुळे मी आठवडाभर चालढकल केली होती. हे सगळं मी चहाबरोबर बोलून गेलो, तिथेच चुकलो.

"मामा, तुम्ही बसा. मी बघतो," जावई म्हणाला.

जावयाला घरचं काम सांगू नये म्हणणारी माझी बायको एका क्षणात रीत विसरली. मी उठायला लागलो तर मला म्हणाली, "तुम्ही बठा ना! जवाई करी ऱ्हायना." पोराने मोबाइलवर व्हिडिओ पाहिला, छत्री घेऊन बाजारातून नवा वाल्व आणला आणि पँट दुमडून खड्ड्याशी बसला. मुलगी त्याच्याजवळ बॅटरी धरून उभी. पूर्वी ती माझ्याजवळ अशी उभी राहायची. मला हेवा वाटला.

काम झाल्यावर मी जिन्यात वाकून पाहिलं. वाल्व छान घट्ट बसवला होता, वर पांढरी टेपसुद्धा व्यवस्थित गुंडाळली होती. फक्त उलटा बसवला होता. पाणी ज्या दिशेने जायचं तिकडे वाल्ववर बाण असतो. इथे बाण खाली होता. म्हणजे पाण्याची वाटच बंद.

मी तोंड उघडलं आणि बायकोचं कोपर बरगडीत बसलं. तिला बाणाबिणाचं काही कळत नाही, पण माझं तोंड कशासाठी उघडतं ते कळतं. आमच्याकडे जावई चुकत नसतो. त्याने भिंतीला जिना लावायच्या ऐवजी जिन्याला भिंत लावली तरी सासऱ्याने वा म्हणायचं. मी गप्प बसलो, आणि खरं सांगायचं तर मनातून खूश झालो. म्हटलं, कळू दे पोरीला.

मोटर चालू केली. नुसती घुमत राहिली, गटारीत थेंब नाही. "हवा धरली असेल मामा, थोडा वेळ लागेल," तो म्हणाला. मी मान डोलावली.

मग पाट मांडले. बायकोने त्याला ओवाळलं, ताट वाढलं, तुपाची धार धरली. खालून मोटरीचा कोंडलेला आवाज येत होता. तो आवाज मी ओळखतो. अर्ध्या पाऊण तासात तिची वाइंडिंग जळते. जळू दे, असं मी म्हणालो, मनात का होईना, पण म्हणालो. मोटर जळेल, पाणी मिरचीच्या पोत्यांना लागेल, आणि मग सगळे म्हणतील की आबांनाच विचारायला हवं होतं. त्या विचारावर मी दोन धोंडे खाल्ले. तिसरा काही जाईना. मोटरीचा त्यात काय दोष होता?

पोतं उचलून ठेवतो असं पुटपुटत मी उठलो. तळघरात घोटाभर पाणी साचलं होतं. वरच्या पायरीवरूनच प्लग काढला, पान्हा घेतला आणि जोड सैल केला. पाइपात कोंडलेलं पाणी छातीवर उडालं. वाल्व काढून बाण वर करून बसवला, नवी टेप मारली, जोड आवळला. हात पुसून प्लग लावला. मोटरीचा आवाज एकदम मोकळा झाला आणि पाइप थरथरला.

वरून जावई ओरडला, "मामी, आलं पाणी! म्हटलं नव्हतं मी?" बायको म्हणाली, "मन्हा जवाई शे तो!" शेजारीणही खिडकीतून काहीतरी वा वा म्हणाली. मी खाली पाण्यात उभा राहून सगळं ऐकत होतो. तळपायाची आग मस्तकात गेली. ठरवलं, आता वर जायचं आणि सगळ्यांसमोर सांगायचं.

जिन्यात मुलगी भेटली. तिच्या हातात माझा कोरडा पायजमा आणि टॉवेल होता.

"तुले कसं कळनं मी वला व्हयनू?" मी विचारलं.

"बाण खाले व्हता," ती हळूच म्हणाली. "मी दखं तवयच."

"मंग बोलनी का नही?"

"तुम्ही उतरशात हाई माले मालूम व्हतं, आबा." टॉवेल माझ्या खांद्यावर टाकून ती म्हणाली, "त्यास्ले सांगू नका."

म्हणजे तिला मोटरीची काळजी नव्हती, माझ्या कसबाबद्दल शंका नव्हती. भरवसा तिने माझ्यावर ठेवला आणि सांभाळलं त्याला. दुखरा गुडघा घेऊन बाप पाण्यात उतरेल, हे तिने गृहीत धरलं होतं. मला एकदा सांभाळलं असतं तरी चाललं असतं.

इतक्यात जावई हातात अनारसा घेऊन जिन्याच्या तोंडाशी आला. "काय मामा, धरतोय ना वाल्व?"

मुलगी माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"एकदम बरोबर बसवलात," मी म्हणालो.

तेव्हा ती हसली, आणि हसताना बघत होती त्याच्याकडे.