दादाचं इमान

फोन सुमनवहिनीचा होता. "तुझा दादा गेला गं," एवढंच म्हणाली. हृदयाचं दुखणं जुनंच, म्हणजे धक्का बसायला नको होता. बसला.

वलवणच्या घरामागे गुरांचा गोठा रिकामा पडला होता. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर दादाने तिथे एका माणसापुरतं विमान बांधायला घेतलं. लाकडी सांगाडा, त्यावर ताणून बसवलेलं कापड, पुढे छोटंसं इंजिन. मी म्हणायचे, "डोकं फिरलंय तुझं!" शेजारचे आबा दाराला टेकून विचारायचे, "भाऊ, तुमचं इमान कवा उडायचं?" आमच्याकडची जुनी माणसं विमानाला इमानच म्हणतात. दादा हसायचा, "आबा, इमान राखायचं असतं, उडवायचं नसतं." पण उडायचं होतंच त्याला... लहानपणापासून दुसरं काही मागितलंच नव्हतं त्याने.

मग ते दुखणं निघालं आणि वहिनी जन्मात एकदाच हट्टाला पेटली. "ह्यात बसणार नाही, असा शब्द द्या." दादाने दिला. मला वाटलं, आता गोठ्याला कुलूप. कसलं काय! दुसऱ्या दिवशी पुन्हा पॉलिशपेपरची खरखर सुरू. मी चिडले, "आता कुणासाठी घासतोयस?" तर म्हणे, "बसणार नाही म्हणालोय. बांधणार नाही, असं कुठे म्हणालो?" वहिनी देवळात गेली की हा पठ्ठ्या एक दिवस बसणारच, अशी माझी पक्की खात्री होती.

दसऱ्याला पुढच्या पंख्याची पूजा झाली, झेंडूची माळ काढून ठेवली आणि इंजिन पहिल्यांदा सुरू केलं. विमान मागून फणसाला बांधलेलं. कोंबड्या सैरावैरा, आबा कानांवर हात ठेवून ओरडतायत, "लय भारी, भाऊ!" दादा बाहेरच उभा होता. डोळे भरलेले.

गेल्या आठवड्यात वहिनीच्या सोबतीला गेले होते. म्हटलं, त्याला नाही मिळालं, निदान आपण बसून बघावं. आम्ही भावंडं ताडमाड; दादा तर माझ्याहूनही टीचभर उंच. पाय आत घातले तर गुडघे फळीला अडकले. काही केल्या बसता येईना. वहिनी दारातून बघत होती. "सर बाजूला," म्हणाली, पदर खोचला आणि आत जाऊन बसली. एवढीशी बाई, पण पाठ टेकली, पाय पेडलवर नेमके पोचले.

"शब्द दिल्यावर ह्यांनी सीट काढून माझ्या मापाची बसवली," ती म्हणाली. "म्हणाले, आता मनात आलं तरी मला बसता यायचं नाही."

दुपारचा चहा वहिनी हल्ली तिथेच बसून घेते.